मेरी मोठी की निखत?

दोन नामवंतांपैकी श्रेष्ठ कोण, हा वाद मुंबईच्या चाळींना नवा नाही. रफी की किशोर, दिलीपकुमार की राज कपूर, गावसकर की विश्वनाथ, अशा वादांवर चिंचपोकळी-लालबागच्या गॅलऱ्यांमध्ये कितीतरी रात्री सरल्या आहेत. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, पण वाद घालण्याची हौस काही गेली नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना अलीकडे एक नवी जोडी सापडली आहे : मेरी कोम आणि निखत झरीन. ‘माझा आवडता खेळाडू’ हा निबंधाचा नेहमीचा विषय. पूर्वी वह्यांमध्ये सचिन आणि सानिया असत. आता या दोघी बॉक्सरही असतात.

त्या वह्या तपासताना दोन प्रकारची उत्तरे वाचायला मिळतात. काही मुली लिहितात, निखत आपली आहे, म्हणून ती मोठी. काही लिहितात, मेरीने निखतला हरवले, म्हणजे विषय संपला. पहिल्या उत्तरात आपुलकी आहे आणि दुसऱ्यात आकडा आहे, पण दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. कोणाच्या अंगी किती कर्तब आहे हा एक प्रश्न झाला, आणि कोण मागे काय ठेवून जाते हा दुसरा. या दोन प्रश्नांची गल्लत केली तर दोघींवरही अन्याय होतो. शिवाय या दोघींच्या कहाणीत आपल्या घरातल्या मुलींसाठी एक फार कामाची गोष्ट दडलेली आहे. ती नीट समजावी म्हणून आधी दोघींची वाटचाल पाहू.

मणिपूरची मेरी

मेरी कोम मणिपूरच्या कांगाथेई गावची. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबणारे. घरातल्या मोठ्या मुलीच्या वाट्याला जे येते ते सगळे तिच्या वाट्याला आले : भावंडे सांभाळणे, शेतात हात लावणे, शाळेपर्यंत पायपीट करणे. १९९८ मध्ये मणिपूरच्याच डिंको सिंगने बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत बॉक्सिंगचे सुवर्णपदक जिंकले आणि त्या राज्यातल्या पोरांच्या डोक्यात ग्लोव्हज शिरले. मेरी इम्फाळला गेली आणि घरी न सांगता बॉक्सिंग शिकू लागली. २००० मध्ये ती राज्य स्पर्धा जिंकली. वडिलांना ही बातमी लेकीकडून कळली नाही, वर्तमानपत्रातल्या फोटोवरून कळली. ते रागावले. चेहऱ्याला इजा झाली तर या मुलीशी लग्न कोण करणार, ही त्यांची काळजी होती.

महिलांची पहिली जागतिक स्पर्धा २००१ मध्ये अमेरिकेत झाली. मेरीने तिथे रौप्यपदक मिळवले. त्यानंतर २००२, २००५, २००६, २००८ आणि २०१० अशी पाच जागतिक सुवर्णपदके तिने आणली. यातले २००८ चे पदक तर जुळ्या मुलांच्या जन्मानंतरचे. बाळंतपणानंतर मैदान सुटते असे म्हणणाऱ्यांना तिने दिलेले ते उत्तर होते. सहावे सुवर्ण २०१८ मध्ये दिल्लीत मिळाले. पहिल्या आणि सहाव्या सुवर्णामध्ये सोळा वर्षांचे अंतर आहे. २०१९ च्या कांस्यपदकासह जागतिक स्पर्धेतली तिची एकूण पदके आठ झाली.

महिलांच्या बॉक्सिंगला ऑलिम्पिकमध्ये जागा मिळाली ती २०१२ मध्ये, लंडनला. तीही फक्त तीन वजनी गटांत. सर्वांत हलका गट ५१ किलोचा होता. मेरीची बहुतेक पदके ४५ ते ४८ किलोंच्या गटांतली. चार-पाच किलो म्हणजे काय मोठेसे, असे आपल्याला वाटेल. पण ४६ किलोच्या शरीराला पाच किलो म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. समोरची मुलगी तेवढीच अधिक उंच, तेवढाच तिच्या हाताचा पल्ला लांब आणि ठोसा जड. तरीही मेरीने कांस्यपदक आणले. उपान्त्य सामन्यात इंग्लंडच्या निकोला ॲडम्सने तिला ११–६ असे हरवले, आणि पुढे तीच पहिली महिला ऑलिम्पिक विजेती ठरली.

निजामाबादची निखत

निजामाबाद तेलंगणात असले तरी आपल्या नांदेड जिल्ह्याला लागून आहे. १९९६ मध्ये तिथे एका मध्यमवर्गीय मुस्लिम घरात निखत जन्मली. वडील जमील अहमद स्वतः खेळाची आवड असलेले. निखत आधी धावायची. मैदानावर मुले बॉक्सिंगचा सराव करताना दिसत, त्यांत मुलगी एकही नसे. मुली हा खेळ का खेळत नाहीत, असे तिने वडिलांना विचारले. मुलींमध्ये तेवढी ताकद नसते असे लोक समजतात, असे वडिलांनी सांगितले. ते ‘लोक समजतात’ म्हणाले, ‘मुलींना जमत नाही’ म्हणाले नाहीत. या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, ते मुलींच्या बापांनी जरूर लक्षात घ्यावे.

सरावाच्या सुरुवातीच्याच दिवसांत निखत सुजलेले नाक आणि काळानिळा डोळा घेऊन घरी आली. आईने रडून घेतले. या मुलीशी लग्न कोण करणार, हीच त्या माऊलीचीही चिंता. एकदा नाव झाले की दाराशी नवरदेवांची रांग लागेल, असे सांगून मुलीने आईची समजूत घातली. मणिपूरच्या ख्रिस्ती आदिवासी घरात वडिलांनी जे म्हटले, तेच शब्द निजामाबादच्या मुस्लिम घरात आईच्या तोंडी आले. मुलीच्या बाबतीत आपली घरे एकमेकांपासून फार लांब नाहीत.

मुलांबरोबर सराव, आखूड कपड्यांवरून नातेवाइकांचे टोमणे, हे सगळे निखतच्या वाट्याला आले. वडील तिच्या पाठीशी उभे राहिले. २०११ मध्ये तुर्कस्तानात ती कुमार गटाची जागतिक विजेती झाली. म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी तिचे नाव झाले होते. पण २०१७ मध्ये खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली आणि जवळपास एक वर्ष वाया गेले. परत आली तेव्हा ५१ किलोच्या गटात तिच्यासमोर एक नाव पहाडासारखे उभे होते. लहानपणापासून जिला आदर्श मानले, तीच मेरी कोम.

हातांची तुलना

आता कर्तबाचा हिशेब मांडू. मेरी डावखुरी. उजवा पाय आणि उजवा हात पुढे, आणि मुख्य मार डाव्या हाताचा. बहुतेक बॉक्सर उजव्या हाताने खेळतात, त्यामुळे डावखुऱ्या प्रतिस्पर्ध्याचा ठोसा अनोळखी कोनातून येतो. मेरीचे खरे हत्यार मात्र तिचे पाय होते. समोरचीला पुढे येऊ द्यायचे, तिचा ठोसा हवेत घालवायचा आणि त्या अर्ध्या क्षणात आत शिरून दोन-तीन ठोसे मारून बाहेर पडायचे. उंची कमी असलेल्या खेळाडूला हेच करावे लागते, आणि मेरीने ते कलेच्या पातळीवर नेले.

निखत उजव्या हाताची. तिचा भर अंतर राखण्यावर असतो. डाव्या हाताच्या सरळ ठोशाने समोरचीला लांब ठेवायचे आणि संधी मिळताच उजव्या हाताचा सरळ ठोसा लगावायचा. तरुण वयात ती घाईने झेपावत असे. पुढे तिच्या खेळात संयम आला.

पदकांचा हिशेब केला तर मेरीचे पारडे निःसंशय जड आहे. एकीकडे सहा जागतिक सुवर्ण आणि ऑलिम्पिक कांस्य, दुसरीकडे दोन जागतिक सुवर्ण आणि ऑलिम्पिकमध्ये पदक नाही. समोरासमोरचा हिशेबही मेरीच्याच बाजूने आहे. २०१९ च्या मे महिन्यात गुवाहाटीच्या इंडिया ओपनमध्ये मेरीने निखतला ४–१ असे हरवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा हरवले. त्याबद्दल पुढे सांगते.

निखतची बाजू घेणाऱ्या मुलीही मुद्दा मांडतात आणि तो खोटा नाही. मेरीच्या सुरुवातीच्या काळात महिला बॉक्सिंग खेळणारे देश कमी होते. निखत २०२२ मध्ये जिंकली त्या स्पर्धेत सत्तरहून अधिक देश होते. दोघींशी खेळलेली एक समान प्रतिस्पर्धीही आहे, तुर्कस्तानची बुसे नाझ चाकिरोग्लू. तिने २०१९ च्या जागतिक उपान्त्य सामन्यात मेरीला हरवले. पुढे ती टोकियो ऑलिम्पिकची रौप्यविजेती झाली. तिलाच निखतने फेब्रुवारी २०२२ मध्ये बल्गेरियातल्या स्त्रान्जा स्पर्धेत ४–१ ने हरवले. पण ही मोजपट्टीही सरळ नाही. चाकिरोग्लूसमोर उभी राहिली तेव्हा मेरी छत्तिशीची होती आणि निखत पंचविशीची.

म्हणून माझ्या मते उत्तर असे : कर्तब मेरीचे अधिक. ज्या मुलींना निखत जास्त आवडते त्यांनीही हे मोकळ्या मनाने मान्य करावे. आपल्या माणसाचे कौतुक करताना दुसऱ्याचे माप कमी भरू नये, ही आपली शिकवण आहे. पण इथे फक्त पहिला प्रश्न सुटतो.

२०१९ चे वर्ष

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर २०१९ च्या घडामोडींत आहे. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेसाठी ५१ किलो गटात मेरीची निवड चाचणीशिवाय झाली. तिचा अनुभव आणि अलीकडची कामगिरी ही कारणे सांगितली गेली. चाचणीसाठी आलेल्या निखतला रिंगमध्ये उतरताच आले नाही. मेरीने त्या स्पर्धेत कांस्यपदक आणले. त्यानंतर ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेसाठीही तिलाच थेट पाठवायचे, असे वारे वाहू लागले.

तेव्हा निखतने तत्कालीन क्रीडामंत्री किरेन रिजिजू यांना पत्र लिहिले. तिने मेरीची जागा मागितली नव्हती. मेरीला वगळा असेही म्हटले नव्हते. मेरी माझी प्रेरणा आहे, असे तिने त्यात लिहिले, आणि एक साधी मागणी केली : आमची चाचणी घ्या. तेवीस ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या मायकेल फेल्प्सलाही दर वेळी पात्रता सिद्ध करावी लागत असे, याची आठवण तिने करून दिली. मी हरले तरी मला संधी मिळाली होती हे समाधान राहील, असा तिच्या म्हणण्याचा रोख होता.

तेवीस वर्षांची मुलगी, समोर देशाची लाडकी खेळाडू, राज्यसभेची सदस्य. किती जणांनी तिला गप्प बसायला सांगितले असेल, याची कल्पना करा. ‘मोठ्यांच्या तोंडी लागू नये’ हे वाक्य आपल्या घरांत मुलीला रोज ऐकवले जाते. नेमबाज अभिनव बिंद्रा निखतच्या बाजूने बोलला, तर मेरीने त्यालाही यात पडू नकोस असे सुनावले. ही निखत कोण, असा प्रश्नही मेरीने पत्रकारांसमोर केला. अखेर महासंघाने चाचणी ठेवली.

२८ डिसेंबर २०१९. दिल्लीचे इंदिरा गांधी स्टेडियम. मेरी ९–१ ने जिंकली. सामना संपल्यावर निखत तिच्याकडे गेली, पण मेरीने हस्तांदोलन केले नाही. दुसऱ्याने आपला मान ठेवावा असे वाटत असेल तर आधी दुसऱ्याचा मान ठेवावा, असे तिचे म्हणणे होते. निखतने सांगितले की, या वागण्याने मला वाईट वाटले.

इथे मेरीला खलनायिका ठरवण्याची घाई करू नये. जिने रिकाम्या हातांनी सगळे उभे केले, तिला उतारवयात कोणी ‘पुन्हा सिद्ध कर’ म्हटले की ते लागते. आपल्या घरातल्या आजीलाही स्वयंपाकघराची किल्ली सुनेकडे देताना जीवावर येते. खेळाच्या जगात तर याहून कडू प्रसंग घडले आहेत. महंमद अली आणि जो फ्रेझर १९७१ ते १९७५ या काळात तीनदा लढले. सामन्यांची जाहिरात व्हावी म्हणून अलीने फ्रेझरला दिलेली हिणकस नावे फ्रेझर अनेक दशके विसरू शकला नाही. २००१ मध्ये अलीने त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. अली आपल्याला कितीही प्रिय असला तरी ती नावे ठेवणे चुकीचेच होते. त्या मानाने न झालेले एक हस्तांदोलन ही लहान गोष्ट.

आपल्याकडे याचा फार सुंदर दाखला आहे. प्रेषितांनी (स.) आणि हजरत आयशा (रजि.) यांनी धावण्याची शर्यत लावली, तेव्हा हजरत आयशा पुढे गेल्या. काही काळाने पुन्हा शर्यत झाली, त्यात प्रेषित (स.) पुढे गेले आणि हसत हसत मागची फेड झाल्याचे म्हणाले. हार-जीत घरात प्रेमाने कशी घ्यावी, हे याहून सोप्या रीतीने कोण सांगणार?

नऊ-एकच्या नंतर

आता गंमत पाहा. मेरी ती चाचणी जिंकून मार्च २०२० मध्ये जॉर्डनमधल्या अम्मानला गेली आणि ऑलिम्पिकसाठी पात्र ठरली. कोणाच्या मेहेरबानीने गेली असे म्हणायला कुणाला जागाच उरली नाही. म्हणजे चाचणीचा पहिला फायदा मेरीलाच झाला. टोकियोला ती अडतिसाव्या वर्षी खेळली आणि कोलंबियाच्या इन्ग्रित व्हॅलेन्सियाकडून ३–२ अशा निसटत्या फरकाने हरली.

आणि निखत? ९–१ हा आकडा कोणाही तरुण मुलीला मोडून टाकू शकला असता. तिच्या बाबतीत उलटे झाले. आपण नक्की कुठे कमी पडतो, हे तिला कळले. संधीच मिळाली नसती तर आयुष्यभर अन्यायाचा कढ घेऊन ती बसली असती. संधी मिळाली, हार झाली आणि ती कामाला लागली. १९ मे २०२२ रोजी इस्तंबूलमध्ये थायलंडच्या जुतामास जितपोंगला ५–० ने हरवून ती ५२ किलो गटाची जगज्जेती झाली. पाचही पंचांनी तिच्याच बाजूने कौल दिला. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत दुसरे जागतिक सुवर्ण, तेही ५० किलो गटात. ऑलिम्पिकसाठी मेरीला वजन वाढवावे लागले होते, पॅरिससाठी गट बदलल्यामुळे निखतला ते कमी करावे लागले.

इस्तंबूलहून परतल्यावर निखत मेरीला भेटली आणि दोघींचा एकत्र फोटो तिने सर्वांना दाखवला. आपल्या आदर्शाच्या आशीर्वादाशिवाय विजय पुरा होत नाही, अशी तिची भावना होती. माझ्या मते, दोघींच्या कहाणीत निखत सर्वांत उंच दिसते ती इथे.

पॅरिसमध्ये २०२४ साली दुसऱ्याच फेरीत तिची गाठ चीनच्या वू यूशी पडली आणि ती ०–५ ने हरली. त्याच वू यूने पुढे सुवर्ण जिंकले. निखतचे ऑलिम्पिक पदकाचे स्वप्न त्या वर्षी अपुरे राहिले. हेही सांगायला हवे, कारण मुलींना फक्त यशाच्या कहाण्या सांगितल्या की पहिल्या अपयशाला त्या कोसळतात.

मागे काय उरते?

वारसा म्हणजे काय हे समजण्यासाठी तिसऱ्या एका बाईचे नाव घेते : हमीदा बानो पहिलवान. मला हरवील त्याच्याशी लग्न करीन, असे आव्हान देऊन पुरुष पहिलवानांना चीत करणारी ही उत्तर प्रदेशची बाई. १९५४ मध्ये याच मुंबईत तिने रशियाच्या व्हेरा चिस्तिलिनला मिनिटाच्या आत लोळवल्याचे सांगतात. तिच्या कुस्त्यांना गर्दी लोटत असे. पण उत्तरायुष्य तिने आपल्या कल्याणमध्ये दूध विकून काढले आणि ती विस्मृतीत गेली. कर्तब किती होते! पण तिच्यामागे मुलींसाठी ना आखाडा होता, ना स्पर्धा, ना निवडीचा नियम. एकटीचे बळ तिच्याबरोबरच संपले. हमीदाबानोंच्या नशिबी जे आले नाही, ते या दोघींच्या हातून घडले.

मेरीचा वारसा म्हणजे दार उघडणे. तिच्या आधी भारतात मुलींचे बॉक्सिंग म्हणजे चेष्टेचा विषय होता. तिच्या पदकांमुळे मुलींची शिबिरे भरू लागली, नोकऱ्या मिळू लागल्या, आईबापांना धीर आला. इम्फाळजवळ तिने स्वतःची अकादमी काढली. मेरी नसती तर निखतच्या वडिलांना बोट दाखवायला कोणी उदाहरण नसते.

निखतचा वारसा वेगळा. उघडलेले दार एकाच माणसासाठी राखून ठेवता येणार नाही, असे ती जाहीरपणे म्हणाली. कितीही मोठी खेळाडू असो, तिने चाचणी द्यावी आणि कितीही नवखी असो, तिला चाचणी मिळावी. ही गोष्ट पदकात मोजता येत नाही. पण उद्या निखतला आव्हान देणारी एखादी सोळा वर्षांची मुलगी येईल, तेव्हा २०१९ च्या त्या पत्राचा तिला आधार असेल. निखतला तेव्हा ते कदाचित आवडणारही नाही! तरी तिने मागितलेला हक्क त्या मुलीलाही द्यावा लागेल.

म्हणून मुलींनो, दुसऱ्या प्रश्नाला ‘ही की ती’ असे उत्तर नाही. मेरीवाचून निखत घडली नसती आणि निखतवाचून मेरीचे काम अर्धे राहिले असते.

घरातली चाचणी

काही वाचकांच्या मनात एक शंका असेल, ती टाळून पुढे जाणे बरोबर नाही. चेहऱ्यावर प्रहार करू नये या हदीसच्या आधारे अनेक उलेमा बॉक्सिंगला हरकत घेतात. डोक्याला होणाऱ्या इजेबद्दल डॉक्टरही सावध करतात. या शंका हलक्या नाहीत. आपल्या मुलीने हाच खेळ खेळावा असा माझा आग्रह नाही. पोशाखाचा प्रश्न मात्र आता पूर्वीइतका अडसर राहिलेला नाही. २०१९ मध्ये जागतिक संघटनेने हिजाब आणि पूर्ण अंग झाकणारा पोशाख घालून खेळायला परवानगी दिली, आणि पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाची टीना रहिमी हिजाब घालून खेळली.

मला सांगायचे आहे ते खेळाच्या पलीकडचे. आपल्या घरात मुलीची चाचणी होते का? दहावीनंतर मुलाला सायन्सच्या क्लासला घालायचे आणि मुलीला जवळच्या कॉलेजात आर्ट्सला, हे ठरते तेव्हा दोघांचे गुण कोणी शेजारी ठेवून पाहतो का? मोठी बहीण हुशार म्हणून धाकटीला ‘तुला नाही जमणार’ असे आपण न तपासताच सांगून टाकतो. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी अशा कितीतरी मुली पाहिल्या. एक मुलगी गणितात वर्गात पहिली यायची. स्कॉलरशिपच्या परीक्षेचा फॉर्म घरून सही होऊन आलाच नाही, कारण भावाची फी भरायची होती. ती परीक्षेत नापास झाली नाही. ती परीक्षेला बसलीच नाही. ९–१ ची हार परवडली, पण ही हार परवडत नाही. हरलेल्याला आपली उणीव कळते. ज्याला बसूच दिले नाही त्याला आपले बळही कळत नाही.

अल्लाहने प्रत्येक मुलाला काही ना काही देऊन पाठवले आहे. ती अमानत आहे. अमानत उघडून न पाहता कपाटात ठेवणे हे तिचे रक्षण नव्हे. चिंचपोकळीपासून नागपाडा, मदनपुऱ्यापर्यंत आपल्या वस्त्यांत दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुली आहेत. त्यांना मोठमोठी मैदाने देणे आपल्या हाती नसेल, पण एक संधी देणे आहे.

आणि मुलींसाठी निखतच्या पत्रातून घ्यायचा धडा असा, की हक्क मागताना आवाज चढवावा लागत नाही. तिने मोठ्या खेळाडूची थोरवी मान्य केली, आपले म्हणणे कागदावर लिहिले, नियमाचा आधार दिला आणि निकाल विरुद्ध गेला तेव्हा तो स्वीकारून पुन्हा सरावाला गेली. अब्बूंशी बोलायचे असो वा मुख्याध्यापकांशी, ही रीत चालते.

यंदा शाळांमधून स्कॉलरशिपचे, चित्रकलेच्या परीक्षांचे, क्रीडा स्पर्धांचे फॉर्म येतील. मुलगी फॉर्म घेऊन समोर उभी राहिली तर ‘कशाला उगाच’ म्हणण्याआधी सही करावी. ती हरेल किंवा जिंकेल, ते तिच्या मेहनतीवर आणि अल्लाहच्या मर्जीवर. सही मात्र आपल्या हातात आहे.